विचारणाऱ्या कोयंडे सिस्टर

मालनबाई कोयंडे घरात कुणाला काही विचारत नाहीत. चारकोपच्या सेक्टरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्या सांगतात आणि बाकीचे ऐकतात. भाजी कुठली आणायची, पंखा कितीवर ठेवायचा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाच्या बाजूने हात वर करायचा, हे सगळं चंद्रप्रकाशरावांना आयतं कळतं. चंद्रप्रकाशराव म्हणजे त्यांचे यजमान. ते तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवसभर वीस माणसांवर ओरडून घरी येतात आणि सांगितलेल्या खुर्चीत बसतात.

आणि ह्याच मालनबाई सकाळी सातला बोरिवलीतल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात पोचल्या, अंगावर पांढरा युनिफॉर्म चढवला, की त्यांचा आवाज दोन पट्ट्या खाली येतो. तिथे त्या स्टाफ नर्स आहेत. तेहतीस वर्षं झाली. पहिला महिना सोडला तर ह्या तेहतीस वर्षांत त्यांनी एकाही डॉक्टरला काहीही सांगितलेलं नाही. फक्त विचारलं आहे.

ही खोड त्यांना उपजत नव्हती. वडील गिरणी कामगार, संपानंतर घरी बसलेले. लालबागच्या चाळीत वाढलेली मुलगी बोलायला कुणाला घाबरते? नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका डॉक्टरांना भर राउंडमध्ये सांगितलं होतं, "सर, ह्या पेशंटचं पोट कालपेक्षा कडक लागतंय, रक्त साचतंय आत." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "डिग्री कुठून घेतलीत, बाई?" मागे उभी असलेली शिकाऊ पोरंही हसली. पोटाचं पुढे मालनबाई म्हणाल्या होत्या तसंच निघालं. पण ते तसं निघाल्याबद्दल डॉक्टर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

तेव्हाच्या इन्चार्ज उत्तराबाईंनी त्यांना लिननच्या खोलीत नेलं आणि चादरींच्या घड्या घालता घालता तासाभरात सगळं शास्त्र शिकवलं. डॉक्टरला सांगायचं नाही. त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. पोट कडक लागतंय असं म्हणायचं नाही. "सर, पोटाचा घेर मोजून ठेवू का?" असं म्हणायचं. मग तो पोटाला हात लावतो, दचकतो, आणि स्वतःच म्हणतो, "अरे, हे कडक कसं?" आपण म्हणायचं, "हो का, सर?" पेशंट वाचतो, डॉक्टर हुशार ठरतो आणि आपण दुसऱ्या बेडकडे वळतो.

मालनबाईंनी ही विद्या अशी काही घोटली की पाचेक वर्षांत त्या गुरूच्या पुढे गेल्या. "सर, ह्या आजोबांना आज सलाइन किती चालू ठेवायचं?" ह्याचा अर्थ असा, की आजोबांचे पाय सुजलेत, सलाइन बंद करा. "सर, ह्यांच्या घरच्यांना आज थांबायला सांगू का?" म्हणजे लक्षण बरं नाही. आणि "सर, तुमचा चष्मा घरी राहिला का?" म्हणजे तुम्ही लिहिलेल्या डोसने घोडासुद्धा झोपेल, खाडाखोड करा. हा शेवटचा प्रश्न तर त्यांनी एकदा एका सर्जनला विचारला होता, ज्यांना चष्माच नव्हता. त्यांनी निमूटपणे कागद परत मागून घेतला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही हळूहळू ही भाषा कळायला लागली. जुना रेसिडेंट डॉक्टर जाताना नव्याला तीन गोष्टी सांगून जायचा. कॅन्टीनमधला उसळपाव अकराच्या आत खा, लिफ्टवर भरवसा ठेवू नका, आणि कोयंडे सिस्टरनी एकच प्रश्न दोनदा विचारला तर हातातला चहा टाकून पळा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जात होतं आणि त्यावर वॉर्ड नंबर चार तीन दशकं बरा चालला होता. मालनबाईंना त्याचा अभिमान होता. आपण बोलत नाही पण सगळ्यांना माहीत आहे, असं त्यांना वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी ट्रस्टने कारभार एका मॅनेजमेंट कंपनीकडे सोपवला. कंपनीने पहिलं काम काय केलं, तर रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर एक भलामोठा तक्ता लावला. चौकोन आणि बाण. सगळ्यात वरच्या चौकोनात साहेब, मग त्यांच्या खाली आणखी साहेब, मग मॅनेजर, मग कोऑर्डिनेटर, मग इन्चार्ज. तळाला एक लांबट चौकोन होता, त्यात सगळ्या स्टाफ नर्स एकत्र कोंबल्या होत्या. मालनबाईंनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी दाखवला. चंद्रप्रकाशरावांनी तो बोटांनी मोठा करून वरपासून खालपर्यंत बघितला.

"ह्यात पेशंट खय हा गे?" त्यांनी विचारलं.

"तो कशाला असेल? तो काय कंपनीचा नोकर आहे?" मालनबाई म्हणाल्या आणि त्यांना कांदे कापायला सांगितलं.

तक्त्याबरोबर नियमही आला. स्टाफ नर्सने इन्चार्जला सांगायचं, इन्चार्जने कोऑर्डिनेटरला, आणि कोऑर्डिनेटर डॉक्टरला फोन करणार. वॉर्ड चारमध्ये डॉक्टरांची खोली नर्सच्या टेबलापासून वीस पावलांवर होती. पण तक्त्यात ती दोन मजले वर होती. ह्याशिवाय प्रत्येक वॉर्डला एक टॅब मिळाला. त्यात नाडी, श्वास, ताप भरला की पेशंटचा रंग दिसायचा. हिरवा असेल तर काही करू नका, पिवळा असेल तर तासाभराने पुन्हा मोजा, लाल असेल तर वर कळवा. तेहतीस वर्षांत मालनबाईंनी माणसं निळी पडलेली पाहिली होती, पांढरीफटक पाहिली होती, पण हिरवं होऊन घरी गेलेलं एकही पाहिलं नव्हतं.

मग ट्रेनिंग झालं. प्रांजल नावाची एक चुणचुणीत मुलगी वरच्या ऑफिसातून आली. तिने सगळ्यांना खिशात मावेल असं एक कार्ड दिलं. डॉक्टरशी बोलताना चार गोष्टी सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, तुम्हाला काय वाटतं आणि काय करायला हवं. "नर्सने निर्भयपणे बोललं पाहिजे," प्रांजल म्हणाली. कुणाशी बोलायचं ते तक्त्यात होतंच. मधल्या जिन्यात हे निर्भय बोलणं कुठे अडकेल, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सरावासाठी प्रांजल डॉक्टर झाली आणि मालनबाईंना पुढे बोलावलं.

"हं, सिस्टर, पेशंटला धाप लागलीय. मला सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

"सर, तुम्हाला काय वाटतं?" मालनबाईंनी अदबीने विचारलं.

"नाही नाही, मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही बघून जाल का, सर?"

"सिस्टर, मी फोनवर आहे. घरी जेवतेय."

"मग जेवण झालं का, सर?"

सगळा हॉल खदाखदा हसला. मालनबाईही हसल्या. दहापैकी तीन गुण मिळाले, सगळ्या हॉस्पिटलात सगळ्यात कमी. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. कार्डावर लिहिलेल्या चारही गोष्टी आपण रोजच करतो, फक्त चांगल्या शब्दांत, असं त्यांचं मत होतं.

गोष्ट घडली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, एका गुरुवारी.

वॉर्ड चारच्या दहा नंबर बेडवर पुतळाबाई होत्या. मढच्या कोळीण, वय अडुसष्ट. मालाडच्या बाजारात पाटी घेऊन बसायच्या. तिथे ओल्या लादीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं होतं. त्याला चार दिवस झाले होते आणि चारही दिवस पुतळाबाईंनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. तक्रार एकच, जेवणाची. ट्रे आला की त्यांचा आवाज पार लिफ्टपर्यंत जायचा.

"यो डाल हाय का हळदीचा पानी? माझे घरची मांजर पन तोंड लावाची नाय! मना बोंबलाचा कालवन पायजे. रामनाथ! कुठं मेला यो रामनाथ?"

रामनाथ त्यांचा मुलगा. तो बिचारा रोज संध्याकाळी डब्यात कालवण घेऊन यायचा. सिक्युरिटी तो डबा खाली ठेवून घ्यायची आणि वरून त्यालाच वास कसला म्हणून विचारायची. मालनबाई पुतळाबाईंना रोज दटावायच्या आणि मनातून खूश व्हायच्या. ऑपरेशननंतर भांडणारा पेशंट त्यांना आवडतो.

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता न्याहारीचा ट्रे उशिरा आला. दलिया होता, तोही गार. मालनबाई कानात बोळे घालायच्या तयारीनेच पुढे झाल्या. पुतळाबाईंनी ट्रेकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ठेव गो पोरी. खाईन मंग."

मालनबाईंनी ट्रे बाजूला ठेवला.

त्यांनी मनगट धरलं. नाडी एकशेबारा. श्वास उथळ आणि भरभर. पांघरूण सारून पाहिलं तर डावी पोटरी उजवीपेक्षा भरलेली, हात लावला तर गरम. चार दिवस पडून असलेलं म्हातारं माणूस, खुब्याचं ऑपरेशन, सुजलेली पोटरी आणि अचानक गप्प बसलेली कोळीण. पायात रक्ताची गुठळी झाली आहे आणि तिचा तुकडा छातीकडे निघाला आहे, हे मालनबाईंना जितकं स्वच्छ कळलं तितकं त्यांना आपलं नावही कळत नसेल. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्या आधी रीतसर इन्चार्जकडे गेल्या. इन्चार्ज म्हणजे श्वेता. बत्तीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. सुई कशी धरायची हे तिला मालनबाईंनीच शिकवलं होतं. चारचौघांत त्या तिला श्वेता मॅडम म्हणतात आणि एकट्यात श्वेते. श्वेता त्या वेळी एका हाताने टॅब भरत होती, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून होती आणि हनुवटीने शिपायाला खुणावत होती.

"मॅडम, दहा नंबर बघता का जरा?"

श्वेताने आकडे टॅबमध्ये टाकले. पिवळा रंग आला. "ताई, पिवळा आहे. तासाभराने परत मोजा. लाल झाल्याशिवाय वर कळवता येत नाही. काल सात नंबरसाठी कळवलं तर मलाच ऐकवलं, उगाच पॅनिक करता म्हणून."

"पण बाई भांडत नाहीये गं."

"ताई, भांडण कुठल्या रकान्यात टाकू?" श्वेता काकुळतीला येऊन म्हणाली. ती वाईट नव्हती. तिच्याकडे तीस पेशंट होते आणि रकाने नऊच होते.

एवढ्यात डॉक्टर निमेश वॉर्डात शिरले. घाटकोपरचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, सहा महिन्यांच्या करारावर आलेला. सगळे जुने रेसिडेंट कंपनीने एकाच वेळी बदलले होते, त्यामुळे उसळपाव, लिफ्ट आणि कोयंडे सिस्टर ह्यांतलं काहीच त्याच्या कानावर आलं नव्हतं. मुलगा गुणी होता. नर्सशी नीट बोलायचा, थँक्यू म्हणायचा. आणि घरच्यांनी त्याला एक चांगलं वळण लावलं होतं. कुणी जेवढं विचारेल तेवढ्याचं सरळ उत्तर द्यायचं.

मालनबाईंनी पेन उघडलं, फाइल छातीशी धरली आणि आपली विद्या बाहेर काढली.

"सर, दहा नंबरच्या पायांचा घेर मोजून ठेवू का?"

"नको, सिस्टर. दुपारी ऑर्थोचे सर येतायत ना, ते बघतील."

मालनबाईंनी एक पायरी वर चढवली. "सर, छातीचा एक फोटो काढून ठेवायचा का?"

"तीन दिवसांपूर्वीचा आहे की. उगाच रेडिएशन कशाला? थँक्यू, सिस्टर."

आता मात्र त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं. तोच प्रश्न, दुसऱ्यांदा, डोळ्यांत डोळे घालून. "सर, छातीचा फोटो काढायचा का?"

डॉक्टर निमेश थांबले. त्यांनी मालनबाईंचे पांढरे केस पाहिले, चेहरा मऊ केला, किंचित वाकून त्यांच्या कानाजवळ आले आणि मोठ्याने, सावकाश म्हणाले, "नको, सिस्टर. फोटो. नको." आणि पुढच्या बेडकडे गेले.

मालनबाई फाइल धरून तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा प्रश्न खरोखरच प्रश्न समजला गेला होता.

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी काय केलं? पुष्कळ केलं. पुतळाबाईंना टेकून बसवलं, ऑक्सिजनची नळी लावली, दोनदा नाडी मोजली. श्वेताच्या मागे लागून कोऑर्डिनेटरला मेसेज करायला लावला. कोऑर्डिनेटर मीटिंगमध्ये होते. विषय होता नर्सिंग स्टाफचा संवाद. मालनबाईंनी डॉक्टरांच्या दारावरून तीन फेऱ्या मारल्या आणि एकदा आत डोकावून "सर, चहा सांगू का?" असंही विचारून आल्या. जुन्या डॉक्टरांपैकी कुणी असता तर एवढ्यावर उठून पळाला असता. निमेश म्हणाले, "हो, चालेल, बिनसाखरेचा."

अकराला पुतळाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. नखं निळसर झाली होती. "पोरी, छातीवर पाटी ठेवलीय कुनी तरी. रामनाथाला बोलाव." आवाज असा होता, की शेजारच्या बेडवरच्यांनाही ऐकू गेला नसता.

मालनबाई वीस पावलं चालत गेल्या. दार ढकललं. निमेश डिस्चार्जचे कागद लिहीत होते. मालनबाईंनी तोंड उघडलं आणि सवयीने शब्द आले, "सर, तुम्ही जरा..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. मग त्या बोलल्या, तो आवाज चारकोपचा होता.

"उठा. दहा नंबरच्या फुप्फुसात गुठळी गेलीय. मला वाटतं-बिटतं नाही, गेलीय. डावी पोटरी सकाळपासून सुजलीय, नाडी एकशेतीस आहे, नखं निळी पडलीयत. आयसीयूला फोन करा आणि सीटीवाल्याला सांगा पेशंट खाली येतोय. मी बेडची चाकं सोडते."

निमेश उठले. त्यांनी काही विचारलं नाही. पेन तसंच उघडं राहिलं. लिफ्ट नेमकी बंद होती, म्हणून रॅम्पवरून बेड ढकलत नेला, पुढे निमेश, मागे मालनबाई. सीटीत गुठळी दिसली, चांगली मोठी. आयसीयूत रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. दुपारी दोनला आतून निरोप आला, बाई स्थिर आहेत आणि रामनाथच्या नावाने शिव्या देतायत. मालनबाई लिननच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडून आल्या आणि तोंड धुऊन इंजेक्शनच्या ट्रॉलीकडे वळल्या.

ड्युटी संपायच्या सुमाराला निमेश दोन कागदी कप घेऊन आले. एक त्यांच्यापुढे ठेवला.

"सिस्टर, तुम्हाला नक्की केव्हा कळलं?"

"दहा वीसला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तीनदा विचारलं ना, सर."

"विचारलंत," निमेश म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "पण मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही म्हणून विचारताय."

हे वाक्य मालनबाईंच्या जिव्हारी लागलं. आधी त्यांना राग आला. मग हिशेब सुरू झाला आणि राग उतरला. किती डॉक्टर आले आणि गेले. त्यातल्या पाच-सात जणांना त्यांची भाषा कळत होती, ते मान्य. पण बाकीचे? ज्यांनी नुसतं "नको, सिस्टर" म्हटलं आणि पुढे गेले, ते सगळे हेच समजले असतील का? ह्या बाईला काही कळत नाही, विचारत असते बिचारी? आणि त्यांनी "नको" म्हटल्यावर आपण काय केलं? त्यांना भयंकर लाज वाटली. चहा त्यांनी प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. कंपनीत अशी घटना घडली की फॉर्म भरावा लागतो. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी होते. नर्सच्या प्रथम लक्षात आल्याची वेळ आणि डॉक्टरांना सांगितल्याची वेळ. दोन्हींत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंतर असलं, की नर्सला मेमो. मेमो मिळालेल्या नर्सला निवृत्तीनंतरचा वर्षाचा करार मिळत नाही. मालनबाईंच्या निवृत्तीला चौदा महिने होते आणि त्या करारावर त्यांची फार भिस्त होती. पगाराचं एवढं नव्हतं. घरी बसून दिवसभर फक्त चंद्रप्रकाशरावांना सांगत राहायचं, ह्या कल्पनेनेच त्या दमायच्या.

श्वेताने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "ताई, दहा पंचवीस टाका. तुम्ही विचारलं होतंत ना? मी साक्षीला आहे. विचारलं म्हणजे सांगितलंच."

"आणि मग त्या पोराचं काय?"

दहा पंचवीसला सांगितलं असं लिहिलं, की नर्सने सांगूनही डॉक्टरने चाळीस मिनिटं काही केलं नाही, असा अर्थ निघत होता. निमेशचा करार सहा महिन्यांचा होता. तो पलीकडे उभा राहून फाइल उलटी धरून वाचत होता. "सिस्टर, तुम्हाला जे योग्य वाटेल ते लिहा," तो म्हणाला, "मी सही करतो." त्याचे कान लाल झाले होते.

मालनबाईंनी फॉर्म घरी नेला. चंद्रप्रकाशरावांना सगळं सांगितलं. त्यांनी कोकम सरबताचा पेला खाली ठेवला.

"तिकडे तुझ्या तोंडाक कुलूप लायतत काय गे?" ते म्हणाले. "माका तर पंखो बंद करूक सुदीक तू विचारूक नाय कधी."

एरवी त्यांना चांगलं सुनावलं गेलं असतं. आज मालनबाईंनी फॉर्मची घडी उलगडली आणि तो पुन्हा वाचायला घेतला. जरा वेळाने चंद्रप्रकाशराव स्वतःच उठले, डाळ-तांदूळ धुतले आणि कुकर लावला. कुणी सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी मालनबाईंनी फॉर्म भरला. पहिल्या रकान्यात दहा वीस, दुसऱ्यात अकरा पाच. सोमवारी मेमो आला. अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करावा. मेमो साहेबाकडून मॅनेजरकडे, मॅनेजरकडून कोऑर्डिनेटरकडे आणि कोऑर्डिनेटरकडून श्वेताकडे असा बाणाबाणाने उतरला होता आणि प्रत्येकाने त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली होती.

मधल्या काळात पुतळाबाई आयसीयूतून परत वॉर्डात आल्या. आल्या आल्या त्यांनी डाळीची वाटी बाजूला सारली आणि मालनबाईंना फर्मावलं, "जा, खाली माझा डबा हाय तो घेऊन ये. त्या वॉचमनला सांग पुतलीनं मागवलाय." मालनबाई गेल्या आणि घेऊन आल्या. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा अख्ख्या वॉर्डाला बोंबलाचा वास सुटला होता. त्यांनी नाक वर केलं. मालनबाई म्हणाल्या, "सर, ह्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटभर जेवल्यात. राहू द्या." डॉक्टरांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं आणि ते पुढच्या बेडकडे वळले.

त्याच दिवशी दुपारी मालनबाईंनी खुलासा लिहिला. मराठीत, हाताने, एका पानावर. लिहून झाल्यावर श्वेतापुढे ठेवला. श्वेता वाचायला लागली.

"दहा नंबरच्या बाईंना काय झालंय, ते मला दहा वाजून वीस मिनिटांनी माहीत होतं. डॉक्टर निमेश ह्यांना मी ते अकरा वाजून पाच मिनिटांनी सांगितलं. मधल्या वेळात मी त्यांना नुसतं विचारत होते. त्यांची चूक नाही. मी सांगितल्यावर ते लगेच उठले. त्या वेळात बाई गेल्या असत्या तर माझ्या हातून गेल्या असत्या. नर्सने डॉक्टरला सांगायचं नसतं, असं मला ह्याच हॉस्पिटलात शिकवलं गेलं आणि मीही पुढच्या मुलींना तेच शिकवलं. तेहतीस वर्षांत मी किती पेशंटसाठी नुसतं विचारून गप्प बसले आणि त्यांचं पुढे काय झालं, ते मला आठवत नाही. आठवायला हवं होतं. मालन कोयंडे, स्टाफ नर्स, वॉर्ड चार."

श्वेताने ते दोनदा वाचलं.

"ताई," तिने विचारलं, "हे असंच वर पाठवायचं का?"

"पाठव," मालनबाईंनी सांगितलं.